नर्मदेत संथ विहारासाठी मोटरबोट निवडताना : बडोदेकरांसाठी मार्गदर्शक

बडोद्यातल्या मराठी घरांना नर्मदा परकी नाही. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे, नारेश्वरला रंग अवधूत महाराजांचे स्थान आहे आणि चांदोद-कर्नाळीचा संगम तर डभोईच्या पुढे लगेचच येतो, त्यामुळे वर्षातून एकदा तरी आपले पाय या काठाला लागतातच. नावाड्याच्या होडीतून संगमापर्यंत जाऊन आलेल्या अनेकांच्या मनात आपलीही एखादी लहान मोटरबोट असावी असा विचार येतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : इंजिन किती हॉर्सपॉवरचे घ्यावे? खरेदी, नोंदणी, वाहतूक आणि देखभाल या सगळ्यांतून गेल्यानंतर माझे स्पष्ट मत झाले आहे की हा प्रश्न अगदी शेवटी विचारायचा असतो. नदीचा पट्टा, बरोबरची माणसे आणि नाव पाण्यात उतरवण्याची जागा या तीन गोष्टी एकदा ठरल्या, की इंजिनाचा आकडा जवळजवळ आपोआप समोर येतो.

हा लेख चार ते सहा जणांनी अर्धा दिवस, ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वेगाने, काठ पाहत फिरण्यासाठी आहे. वेगाच्या खेळांसाठी लागणारी नाव वेगळी असते आणि तिचा विचार येथे केलेला नाही.

1. आधी नदीचा पट्टा ठरवा

नर्मदा एकच असली तरी बडोद्याहून गाठता येणारे तिचे पट्टे एकमेकांपासून फार वेगळे आहेत. केवडियाला सरदार सरोवर धरण आणि त्याच्या खाली गरुडेश्वरचा बंधारा आहे; या दोहोंच्या आसपास खासगी नावेचा विचारसुद्धा करू नये. धरणाच्या नदीपात्रातील वीजगृहाची क्षमता 1200 मेगावॅट आहे आणि तेथे वीजनिर्मितीसाठी वापरलेले पाणी खाली नदीतच येते. त्यामुळे चांदोदला सकाळी पाहिलेली पातळी दुपारी तशीच राहील असे धरून चालता येत नाही. पाणी चढले तर आखूड दोरीने बांधलेली नाव नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, खाली ओढली जाते आणि उतरले तर ती वाळूवर बसते. घाटावर पोहोचताच पाण्याला लागून असलेल्या पायरीवर खडूने खूण करावी आणि निघण्यापूर्वी ती पुन्हा पाहावी. एवढ्या साध्या निरीक्षणातून त्या दिवशी पाणी कोणत्या दिशेने चालले आहे ते समजते.

चांदोदपासून शिनोर, मालसरपर्यंतचा पट्टा नवशिक्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. पात्र रुंद आहे, काठाला वस्ती आहे आणि अडचण आली तर मदतीला नावाडी भेटतात. मात्र ओरसंग नदी मिळते तेथे वाळूचे उथळ पट्टे तयार होतात आणि दर पावसाळ्यानंतर त्यांची जागा बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये. भरूचच्या खाली खंबातच्या आखाताच्या भरती-ओहोटीचा जोर लागतो. 1881 मध्ये बांधलेल्या गोल्डन ब्रिजच्या खालच्या बाजूला पहिली दोन-तीन वर्षे जाऊच नये. मही नदी शहराला जवळ आहे, पण ती बहुतेक काळ उथळ असते आणि फाजलपूर, रायका, दोडका येथील फ्रेंच विहिरींतून बडोद्याला पिण्याचे पाणी मिळते, तेव्हा त्या परिसरात पेट्रोलचे इंजिन नेणे मला योग्य वाटत नाही. शहरातल्या विश्वामित्री नदीतील मगरींबद्दल बडोदेकराला वेगळे सांगायला नको. मगरी नर्मदेतही आहेत, म्हणून चालत्या किंवा उभ्या नावेतून हात-पाय पाण्यात सोडून बसण्याची सवय मुलांना लावू नये.

पट्टा ठरल्यावर लगेच खरेदीकडे वळू नका. एक पूर्ण हंगाम, म्हणजे दिवाळीपासून मे अखेरपर्यंत, तेथील नावाड्याची होडी भाड्याने घेऊन फिरा. बरोबर एक लांब बांबू ठेवा आणि त्यावर दर पंचवीस सेंटिमीटरला रंगाचा पट्टा ओढा. ज्या वाटेने पुढे स्वतः जाणार आहात, त्या वाटेवर ठिकठिकाणी बांबू टेकवून खोली मोजा आणि वहीत लिहा. नावाड्यांना जाळी कोठे लावलेली असतात, पाण्याखालचे दगड कोठे आहेत, चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमेच्या दिवसांत कोणत्या घाटांवर होड्यांची ये-जा वाढते, हे सगळे तोंडपाठ असते. विचारले तर ते आपलेपणाने सांगतात. त्यांना ‘भाई’ म्हणून मान द्या आणि त्यांच्या पोटापाण्याच्या वाटेत आपली हौस आडवी येणार नाही हे पहिल्या दिवसापासून पाळा.

2. माणसे मोजा, आणि मग एक जागा रिकामी ठेवा

18 जानेवारी 2024 रोजी हरणी तलावात झालेली दुर्घटना आपल्या शहराने पाहिली आहे. त्या दिवशी सहलीला गेलेली 12 मुले आणि 2 शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. नाव घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनात ठेवून पुढचे गणित करावे.

वीस फुटांपेक्षा लहान, एकाच तळाच्या नावेसाठी एक ढोबळ सूत्र वापरले जाते : फुटांतील लांबी गुणिले फुटांतील रुंदी, भागिले पंधरा. सोळा फूट लांब आणि सहा फूट रुंद नावेसाठी उत्तर 6.4 येते, म्हणजे शांत पाण्यात जास्तीत जास्त सहा माणसे. हा आकडा वरची मर्यादा दाखवतो, नेहमीची संख्या नव्हे. बांधणाऱ्याने नावेवर क्षमतेची पाटी लावली असेल तर ती आणि सूत्राचे उत्तर यांपैकी लहान आकडा धरावा आणि त्यातूनही एक वजा करावा. घरात पाच माणसे असतील तर सहाची नाव घ्यावी. पाहुणे आले तर फेऱ्या दोन कराव्यात. ‘एवढ्याशा अंतराला काय होते’ हे वाक्य नावेवर कोणालाही बोलू देऊ नये.

आणखी एक बारकावा : वजन किती, याइतकेच ते कोठे आहे हे महत्त्वाचे असते. काही पाहायचे असले की सगळे एकाच बाजूला उभे राहतात आणि सपाट तळाची नावसुद्धा त्या वेळी धोकादायक कलते. म्हणून बैठका खाली असलेली आणि उठल्यावर धरायला दांडी असलेली नाव निवडा. छत हवे असेल तर कापडी, गुंडाळता येणारे घ्या. लोखंडी पाइपांवर पत्र्याचे छत घातले की वजन वर चढते आणि वाऱ्यात नाव आवरत नाही.

3. तळाचा आकार आणि लांबी

नावा ढोबळमानाने दोन प्रकारे चालतात. काही पाणी बाजूला सारत चालतात, तर काही वेग वाढला की पाण्यावर उचलल्या जाऊन घसरत जातात. दुसऱ्या प्रकाराला मोठे इंजिन आणि भरपूर पेट्रोल लागते, शिवाय सावकाश चालवताना ती नाव नाळ वर करून अडखळत चालते. संथ विहाराला पहिला प्रकारच हवा.

पाणी सारत चालणाऱ्या नावेच्या वेगाला तिच्या लांबीनेच मर्यादा घातलेली असते. पाण्यालगतच्या लांबीचे फुटांतील वर्गमूळ काढून त्याला 1.34 ने गुणले की तो वेग नॉटमध्ये मिळतो. सोळा फुटांना सुमारे 5.4 नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. वीस फुटांना सहा नॉट, म्हणजे ताशी अकरा. या मर्यादेच्या पुढे जाण्यासाठी इंजिन दुप्पट मोठे केले तरी वेग थोडासाच वाढतो, मागे उठणारी लाट मात्र खूप वाढते आणि ती घाटावर स्नान करणाऱ्यांच्या अंगावर जाऊन आदळते.

आपल्या पट्ट्यासाठी सोळा ते अठरा फूट लांब, सहा फूट किंवा थोडी अधिक रुंद, सपाट किंवा उथळ ‘व्ही’ आकाराच्या तळाची नाव घ्यावी असे मी सांगेन. खोल ‘व्ही’ समुद्रावरच्या लाटांसाठी असतो. वाळूवर टेकल्यावर तो एका कुशीवर पडतो आणि माणसांसह सरळ करणे कठीण जाते. भरलेल्या सपाट नावेचा तळ वीस-पंचवीस सेंटिमीटर पाण्यात जातो आणि मागे लावलेल्या इंजिनाचा पंखा त्याच्याही खाली साधारण चाळीस सेंटिमीटर असतो. म्हणजे साठ-सत्तर सेंटिमीटर पाणी लागणारच. तुमच्या वहीतील सर्वांत कमी खोलीतून तीस सेंटिमीटर वजा करा. उरलेला आकडा यापेक्षा कमी असेल तर वाट तरी बदलावी लागेल किंवा नाव तरी.

जोडनळकांड्यांवर फळी टाकलेल्या पाँटून नावा घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना फार सोयीच्या असतात, कारण त्यांत चढणे-उतरणे सोपे असते. पण त्या वाऱ्याने लवकर वाहवत जातात आणि ट्रेलरवर रुंद होतात. नदीकाठी कायमची जागा असेल तरच त्यांचा विचार करावा.

4. बांधणीचे साहित्य

येथे फार घोळ घालण्याची गरज नाही. फायबरची नाव सहज मिळते, सहज दुरुस्त होते आणि बडोद्यात फायबरचे काम करणारे कारागीर पुष्कळ आहेत. ॲल्युमिनियमची नाव हलकी आणि दगडाला टिकणारी असते, पण उन्हात तापते आणि तिच्या जोडाचे वेल्डिंग करणारा चांगला माणूस शोधावा लागतो. लाकडी नाव सुंदर दिसते, तिला दरवर्षी वेळ द्यावा लागतो. कोणतीही घेतली तरी बैठकांखाली बंद कप्प्यांत फोम भरलेला आहे का हे विचारा. पाणी भरल्यावरही नाव तरंगत राहिली पाहिजे, म्हणजे माणसांना धरायला काहीतरी उरते.

5. आता इंजिन

एक हिशेब करून पाहू. सोळा फुटी फायबरची नाव 300 किलो, इंजिन 40 किलो, पाच माणसे 350 किलो, पेट्रोल, नांगर व सामान 60 किलो, असे मिळून 750 किलो झाले. पाणी सारत चालणाऱ्या नावेला दर टनामागे तीन-चार हॉर्सपॉवर शांत पाण्यात पुरतात, म्हणजे येथे तीनही पुरतील. प्रवाह, समोरचा वारा आणि अडचणीच्या वेळचा राखीव जोर धरला तर दहा हॉर्सपॉवर योग्य ठरतात. पंधराच्या पुढे जाण्याचे मला कारण दिसत नाही. विक्रेता चाळीसचे इंजिन सुचवेल. त्याचे वजन शंभर किलोच्या आसपास जाते, नावेची पाठ खाली दबते आणि तुम्ही ते कायम अर्ध्याहून कमी जोरावर चालवता.

इंजिन बाहेरून मागच्या फळीला लावलेले, फोर-स्ट्रोक आणि हाताने वर उचलता येणारे असावे. टू-स्ट्रोक हलके आणि दुरुस्तीला सोपे असते, परंतु ते तेल जाळते, धूर सोडते आणि ज्या नदीचे पाणी लोक ओंजळीत घेतात तिच्यात ते तेल जाते. घेण्यापूर्वी इंजिनाच्या दांड्याची लांबी तपासा. आखूड दांडा मागच्या पंधरा इंच उंचीच्या फळीसाठी आणि लांब दांडा वीस इंचांच्या फळीसाठी असतो. चुकीची जोडी जमवली तर पंखा हवा ओढतो किंवा विनाकारण खोल जाऊन वाळूत रुततो. इंजिनावरची पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण तळाच्या रेषेत आली की जोडी बरोबर आहे असे समजावे. पंखा निवडताना कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे सरकणारा), जोर देणारा घ्या, आणि एक जादा पंखा व पिना नावेतच ठेवा, कारण जाळ्याची नायलॉन दोरी कधी ना कधी गुंडाळली जाणारच आहे.

पेट्रोलचा हिशेब प्रवाहासह करावा. नावेचा वेग ताशी नऊ आणि प्रवाह ताशी चार किलोमीटर असेल तर वर जाताना काठाच्या तुलनेत वेग पाच आणि खाली येताना तेरा पडतो. दहा किलोमीटर वर जायला दोन तास आणि परतायला पाऊण तास लागतो. म्हणून नेहमी आधी प्रवाहाच्या वर जा. इंजिन बंद पडले तरी नदी तुम्हाला घराकडेच आणते. दहा हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक इंजिन सावकाश चालवले तर तासाला साधारण दोन लिटरपर्यंत पेट्रोल घेते, तेव्हा या फेरीला सहा लिटर धरा आणि निम्मे राखीव मिळवून नऊ घ्या. बारा लिटरची सुटी टाकी पुरते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. टाकीत ते महिनोन्‌महिने पडून राहिले तर तळाशी पाण्याचा थर वेगळा होतो आणि इंजिन भर नदीत बंद पडते. पाणी वेगळे करणारा फिल्टर नळीत बसवून घ्या आणि दर फेरीनंतर उरलेले पेट्रोल गाडीत ओतून संपवा. कारखान्याने तुमच्या इंजिनाला इतके इथेनॉल चालते असे लेखी दिले आहे का, हेही पाहा.

विजेच्या मोटरचा पर्याय आता गंभीरपणे विचारात घेण्यासारखा झाला आहे आणि ज्यांचा फेरफटका दोन-अडीच तासांचाच असतो त्यांना मी तोच सुचवतो. पाणी सारत चालणाऱ्या नावेला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे वेग निम्मा केला तर शक्ती एक-अष्टमांश पुरते. दीड किलोवॅटवर चालणाऱ्या मोटरला पाच किलोवॅट-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी तीन तासांहून थोडे अधिक चालवते; वीस टक्के राखून ठेवली तरी अडीच तास हातात राहतात. एक सापळा मात्र टाळा. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या लावून काम भागवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. 12 व्होल्ट 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1.8 किलोवॅट-तास वीज असते, त्यातली निम्मीच वापरावी लागते आणि तिचे वजन पन्नास किलोच्या वर असते. तेवढ्याच फेरफटक्यासाठी चार-पाच बॅटऱ्या म्हणजे अडीचशे किलो वजन होते, आणि तीन-साडेतीन माणसांची जागा त्यातच जाते.

6. नाव पाण्यापर्यंत कशी नेणार?

बहुतेक स्वप्ने येथेच अडकतात. चांदोदच्या मल्हारराव घाटासारखे घाट पायऱ्यांचे आहेत आणि पायऱ्यांवरून ट्रेलर उतरत नाही. ज्या गावी काठापर्यंत उतरती कच्ची वाट आहे असे ठिकाण आधी शोधा, ती जमीन कोणाची आहे ते तलाठ्याकडून माहीत करून घ्या आणि जमीनमालकाची किंवा ग्रामपंचायतीची संमती लेखी घ्या. वाळूत ट्रेलरची चाके रुततात, म्हणून दोन जाड फळ्या किंवा जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे बरोबर ठेवा. ट्रेलरसह सगळे वजन पाच-सहाशे किलोंपर्यंत जाते. तुमची गाडी ते ओढू शकते का, हे तिच्या पुस्तिकेत पाहा आणि ट्रेलरचीही आरटीओमध्ये नोंदणी करून घ्या.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये अठरा फुटी नाव ठेवू देतील असे गृहीत धरू नका. नदीजवळच्या गावातील शेतकऱ्याचे शेड भाड्याने घेणे अधिक सोयीचे पडते आणि दर वेळी डभोई रस्त्यावरून नाव ओढण्याचा त्रास वाचतो.

7. पैसे देण्यापूर्वी परवानगी

केंद्राचा ‘इनलँड व्हेसल्स ॲक्ट, 2021’ हा 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आला आहे. यंत्राने चालणाऱ्या नावेची तपासणी, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याची पात्रता या गोष्टी त्याखाली येतात. विजेची मोटर बसवली म्हणून नाव ‘बिनयंत्राची’ ठरत नाही. नर्मदा 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 73 घोषित झाली आहे, परंतु या घोषणेचा अर्थ कोणीही कोठेही नाव चालवावी असा होत नाही. घाटावरची बंदी, धरणाजवळचे प्रतिबंधित क्षेत्र, पावसाळ्यातील मनाई हे जिल्हाधिकारी स्वतंत्र आदेशाने ठरवतात, आणि नदीचा एक काठ वडोदरा जिल्ह्यात तर समोरचा नर्मदा किंवा भरूच जिल्ह्यात असल्यामुळे दोन्हीकडची चौकशी करावी लागते.

कलेक्टर कचेरीत आणि गुजरात मेरीटाईम बोर्डाकडे एक लेखी अर्ज द्या. त्यात नावेची लांबी, रुंदी, इंजिनाची शक्ती, किती माणसे बसणार, कोणत्या पट्ट्यात फिरणार आणि वापर खासगी आहे हे स्पष्ट लिहा व आपल्याला कोणते नियम लागू होतात याचे उत्तर लेखी मागा. तोंडी ‘चालेल’ यावर विसंबून आगाऊ रक्कम देऊ नका. अर्जाबरोबर आणि पुढे नोंदणीसाठी साधारणपणे हे कागद लागतात :

- बांधणाऱ्याचे प्रमाणपत्र, ज्यावर नावेचा क्रमांक आणि बांधणीचे वर्ष असेल
- नाव आणि इंजिन यांची वेगवेगळी बिले, इंजिनाच्या सिरियल क्रमांकासह
- आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा
- नावेचे चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि मापांसह साधा आराखडा
- तपासणीचे प्रमाणपत्र आणि विमा, ज्यात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई समाविष्ट असेल
- चालवणाऱ्याचे पात्रता प्रमाणपत्र
- ठेवण्याच्या व उतरवण्याच्या जागेचे संमतीपत्र

जुनी नाव घेत असाल तर आधीच्या मालकाची नोंदणी, विक्रीपत्र आणि कर्ज फिटल्याचा दाखलाही घ्या. खर्चाच्या अंदाजात कर धरायला विसरू नका : विहारासाठीच्या नावांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी लागतो. ट्रेलर, जॅकेट, नांगर, विमा आणि शेड यांसाठी एकूण रकमेचा चौथा हिस्सा बाजूला ठेवूनच नावेची किंमत ठरवावी.

8. नाव तपासणे

नाव जुनी असो वा नवी, ती सावलीत आणि कोरडी असताना पाहा. सर्वांत आधी मागच्या फळीकडे जा, जिच्यावर इंजिन लटकते. तिच्या आत बहुधा प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरले की ते आतल्या आत कुजते. वरून रंग मात्र चकचकीत राहतो. एक रुपयाचे जाड नाणे घेऊन त्या फळीवर दर दोन बोटांवर ठोकत जा. चांगल्या ठिकाणी टणक, मोकळा आवाज येतो. जेथे तो एकदम बद्द होतो तेथे खडूने खूण करा. मग इंजिन थोडे वर उचलून हाताने खाली-वर हलवा. फळी त्याच्याबरोबर वाकताना दिसली, किंवा बोल्टच्या कडेने तपकिरी पाण्याचा ओघळ आला, तर किंमत कितीही कमी असली तरी नाव सोडून द्या. असाच ठोका तळावर आणि चालण्याच्या फळ्यांवरही घ्यावा. तळाला शेंगदाण्याएवढे फोड आले असतील तर पाणी फायबरच्या थरांत शिरले आहे असे समजा.

इंजिनाच्या गिअरचे तेल खालच्या स्क्रूमधून थोडे काढून बघा. ते दुधाळ दिसले तर सील गेले असून आत पाणी जाते. सगळ्या सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मेकॅनिककडून मोजून घ्या; दोन सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असू नये.

9. पाण्यावरची चाचणी

विक्रेत्याला पूर्ण रक्कम देण्याआधी नाव पाण्यात घालून, नेहमी जेवढी माणसे असतील तेवढी बसवून चालवून पाहा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन एका ओढीत सुरू होते आणि त्यातले दोष कळत नाहीत. सुरू होताच मागच्या लहान छिद्रातून पाण्याची बारीक, एकसारखी धार पडायला हवी. ती नसेल किंवा तुटक असेल तर इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी खेचणारा रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, झिजला आहे. वाळूच्या पाण्यात तो लवकर झिजतो.

पूर्ण जोर देऊन इंजिनाचे फेरे कारखान्याने दिलेल्या मर्यादेत येतात का ते पाहा. कमी येत असतील तर पंख्याचा पिच जास्त आहे. दोन्ही बाजूंना वळवा, मागे घ्या, आणि अगदी हळू चालवताना नाव सरळ राहते का याकडे विशेष लक्ष द्या, कारण तुमचा बहुतेक वेळ याच वेगात जाणार आहे. शेवटी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची लाल दोरी ओढून इंजिन तत्काळ बंद होते याची खात्री करा.

10. नावेत कायम असायच्या वस्तू

प्रत्येकासाठी मापाचे लाइफ जॅकेट, आणि ते बैठकीखाली नव्हे, अंगावर. जॅकेटचा तरंगवणारा जोर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो; 50 न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यांना आधार म्हणून ठीक असते. पोहता न येणाऱ्यांसाठी 100 किंवा 150 न्यूटनचे घ्या, मुलांसाठी पायांमधून पट्टा जाणारे. दोन वल्ही, पाणी काढायला बादली, अग्निशामक, शिट्टी, टॉर्च, प्रथमोपचार पेटी, प्लास्टिकच्या पिशवीतला मोबाइल, जाळी कापायला धारदार सुरी, आणि जादा स्पार्क प्लग. नांगर वाळूत रुतणारा, रुंद पात्यांचा असावा आणि त्याची दोरी खोलीच्या पाच ते सात पट. नांगर नेहमी नाळेकडूनच टाकावा. प्रवाहात मागच्या बाजूने टाकला तर पाणी फळीवरून आत चढते आणि नाव पाहता पाहता भरते.

घाटाजवळ येताना वेग चालण्याइतका ठेवा आणि स्नान करणाऱ्यांपासून लांबवरच इंजिन बंद करून वल्ह्याने काठाला लागा. कचरा, निर्माल्यसुद्धा, परत आणा.

11. पहिला हंगाम आणि पावसाळा

नवे इंजिन पहिले वीस तास चालले की तेल बदलून घ्या आणि पुढे दर शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करा. इंपेलर आपल्या वाळूच्या नदीत दरवर्षी बदललेला बरा. प्रत्येक फेरीनंतर इंजिन स्वच्छ पाण्याच्या बादलीत किंवा नळीला जोडून काही मिनिटे चालवा, म्हणजे आत साठलेली वाळू निघून जाते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नाव नदीबाहेर काढा आणि ऑक्टोबर संपेपर्यंत पुन्हा उतरवू नका. सप्टेंबर 2023 मध्ये धरणातून 18 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडले गेले, तेव्हा काठावरची गावे आणि भरूच-अंकलेश्वरच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. शेड निवडताना त्या पुराचे पाणी कोठपर्यंत आले होते हे गावकऱ्यांना विचारा आणि त्या खुणेच्या वरचीच जागा घ्या. नाव तळाचे बूच काढून, नाळ थोडी उंच ठेवून झाका, म्हणजे गळून आलेले पाणी मागून वाहून जाईल. टाकी आणि नळी पूर्ण रिकामी करा, इंजिन उभे ठेवा, स्पार्क प्लगच्या जागी थोडे तेल सोडून दोरी दोनदा हळू ओढा. लिथियम बॅटरी निम्मी भरून घरी, कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा तिची पातळी पाहा. जॅकेटे धुऊन, सावलीत वाळवून टांगून ठेवा. घडी घालून पेटीत ठेवली तर उंदीर ती कुरतडतात आणि हे नेमके नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीला लक्षात येते.